छोट्या खाऱ्या टाकीसाठी धीट आणि हालते-फिरते मासे निवडताना

खाऱ्या पाण्याची छोटी टाकी नव्याने बसवली की महिन्या-दोन महिन्यांत एक तक्रार हमखास येते: मासे दिसतच नाहीत. दगड दिसतात, वाळू दिसते, पंपाची घरघर ऐकू येते, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते मात्र कपारीत दडून बसलेले. मग दुकानात जाऊन ‘जरा अ‍ॅक्टिव्ह मासे द्या’ असं सांगितलं जातं. दुकानदार चार निळेशार डॅमसेल पिशवीत भरून देतो आणि पंधरा दिवसांत उलटी तक्रार सुरू होते: एकच मासा दिसतो, बाकीच्यांना तो बाहेर येऊच देत नाही.

या दोन्ही तक्रारी टाळता येतात. मासा धीट होतो तो तुमच्या टाकीत आल्यावर. जात योग्य हवी हे खरंच, पण लपायला जागा, पटणारे शेजारी आणि टाकीत सोडण्याचा योग्य क्रम मिळाला नाही, तर धीट म्हणून नावाजलेला मासाही दगडामागे जाऊन बसतो. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत. ‘छोटी टाकी’ म्हणजे इथे साधारण ७५ ते १५० लिटर धरली आहे. त्याहून लहान टाकीत खारं पाणी स्थिर ठेवणं नवशिक्यासाठी फार कटकटीचं होतं.

१. धीट, चपळ आणि दांडगा: आधी हे तीन वेगळे करा

माणूस काचेजवळ आला तरी पळत नाही तो धीट. दिवसभर पोहत राहतो तो चपळ. दुसऱ्याला जागाच देत नाही तो दांडगा. दुकानात तिघांनाही ‘अ‍ॅक्टिव्ह’ हे एकच विशेषण लागतं आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

फायरफिश घ्या. पाठीवरचा उंच पर फडफडवत तो मोकळ्या पाण्यात तरंगत असतो, म्हणून धीट वाटतो. प्रत्यक्षात सावली पडली तरी बिळात घुसतो, आणि फारच घाबरला तर टाकीबाहेर उडी मारतो. वॉचमन गोबी दिवसभरात वीतभरसुद्धा सरकत नाही, पण बिळाच्या तोंडाशी बसून तुमच्याकडे टक लावून बघतो. सिक्स-लाइन रॅस क्षणभर स्थिर राहत नाही, धीटही आहे, आणि टाकीत मुरला की दांडगाईलाही कमी करत नाही.

मासा उघड्यावर कधी फिरतो? धोका आला तर एका झेपेत आत शिरता येईल अशी कपार जवळ असली की. त्यामुळे मासे दिसावेत म्हणून दगड कमी करणारे लोक नेमकं उलटं करून बसतात. बिळं आणि कपारी भरपूर ठेवा, मासे आपणहून बाहेर येतात.

२. मासे आणण्याआधी हाताशी काय हवं

• आरओ-डीआय पाणी, म्हणजे गाळून क्षार काढून टाकलेलं पाणी, आणि समुद्री मीठ. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, नायट्रेट, फॉस्फेट हे सगळं पुढे शेवाळ आणि आजार होऊन समोर येतं.
• रीफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं उपकरण. तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणावर जुळवून घ्या. सापेक्ष घनता १.०२५ ते १.०२६ ठेवायची.
• हीटर आणि वेगळा थर्मामीटर. तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका.
• अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच तपासायची किट.
• लाइव्ह रॉक (उपयोगी जिवाणूंची वस्ती असलेला समुद्री दगड) किंवा कोरडा सच्छिद्र दगड, वाळू, फिल्टर, पाणी फिरवणारा छोटा पंप.
• बारीक जाळीचं झाकण. जाळीची भोकं ६ मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत.
• जाळीदार अ‍ॅक्लिमेशन बॉक्स, म्हणजे टाकीच्या आत लटकवायचा भोकं असलेला पारदर्शक डबा. बहुतेक जण हा घेत नाहीत आणि नंतर पस्तावतात.
• क्वारंटाइनसाठी ४० लिटरच्या आसपासची साधी टाकी, स्पंज फिल्टर, हीटर आणि पीव्हीसी पाइपाचे तुकडे.

झाकण ऐच्छिक समजू नका. धीट आणि चपळ मासे पाठलागाच्या भरात उडी मारतात आणि सकाळी टाकीमागे वाळलेले सापडतात. वायर आत जाण्यासाठी ठेवलेली दोन बोटांची फटसुद्धा त्यांना पुरते.

दगड रचताना ते थेट काचेच्या तळावर किंवा पायावर बसवा आणि वाळू नंतर ओता. वाळूवर ठेवलेला दगड बिळं खणणाऱ्या माशांमुळे कधीतरी खचतो.

टाकी ‘सायकल’ व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांत वस्ती करतात. अमोनिया बाहेरून थोडा घालून तो २४ तासांत शून्यावर येतो का आणि नायट्राइटही शून्य राहतं का हे बघा. सायकल होण्यासाठी जिवंत डॅमसेल सोडायचा जुना सल्ला अजून कानावर येतो. तो ऐकू नका. माशाचे हाल होतात ते होतातच, शिवाय तो तगला तर टाकीचा मालक बनून बसतो.

३. आज केवढा आहे ते सोडा, पूर्ण वाढीला केवढा होतो ते बघा

विकायला ठेवलेली बरीच पिल्लं तीन-चार सेंटिमीटरची असतात आणि त्या वयात सगळीच गोजिरवाणी दिसतात. ब्लू टँग ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, यलो टँग २० पर्यंत. दोन्ही मैलोगणती पोहणारे मासे. छोट्या टाकीत ते चपळ दिसतील, पण ती अस्वस्थता असते: काचेला समांतर तीच ती फेरी. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला डोमिनो डॅमसेल लहानपणी देखणा, मोठेपणी १४ सेंटिमीटरचा आणि कुणालाही न जुमानणारा. मरून क्लाउनफिशचंही तसंच.

छोट्या टाकीसाठी पूर्ण वाढीला ८ ते १० सेंटिमीटर ही माझी वरची मर्यादा. मँडरिन मासा लहान आहे, शांतही आहे, तरी घेऊ नका. तो कोपेपॉड नावाचे बारीक जिवंत जलजीव टिपून जगतो आणि छोट्या टाकीत ते काही आठवड्यांत संपतात. ग्रीन क्रोमिसचा थवाही मोहात पाडतो, पण कमी जागेत तो एकेक करून घटत जातो. काही आपसांतल्या मारामारीत जातात, काही युरोनेमा नावाच्या परजीवीमुळे.

४. कोणते मासे विचारात घ्यावेत

ओसेलारिस क्लाउनफिश. नवशिक्यासाठी याच्याइतका चांगला मासा नाही. टाकीत पैदास केलेले सहज मिळतात, ते गोळी-खाद्य लगेच खातात आणि माणसाला सरावलेले असतात. जोडी हवी असेल तर एक लहान, एक मोठा असे दोन कोवळे मासे घ्या. सगळे क्लाउन आधी नर असतात. जोडीतला मोठा मासा मादी होतो, लहान नर राहतो. एकाच मापाचे दोन मोठे घेतले तर मादीपदासाठी जुंपते. समुद्रफूल, म्हणजे अ‍ॅनिमोन, यांना लागतंच असं नाही. नव्या टाकीत ते टिकतही नाही. क्लाउन पंपामागचा कोपरा किंवा एखादा दगड घर म्हणून धरतो आणि तिथे तुमचा हात गेला की न घाबरता चावा घेतो.

रॉयल ग्रामा. कॅरिबियन समुद्रातला, पुढून जांभळा, मागून पिवळा, ८ सेंटिमीटरचा. एक घळ आपली म्हणून ठरवतो आणि तिच्या छताला पोट लावून उलटा पोहतो. तो आजारी नाही. शेजारी फार जवळ आला तर तोंड भलंमोठं वासून दाखवतो, पण क्वचितच चावतो. छोट्या टाकीत एकच ठेवा. इथे एक मोठा सापळा आहे: रॉयल डॉटीबॅक नावाचा याच रंगांचा मासा ग्रामा म्हणून गळ्यात मारला जातो, आणि तो पक्का मारकुटा. फरक असा ओळखा. डॉटीबॅकच्या अंगावर जांभळा आणि पिवळा रंग पट्टीने आखल्यासारखा एका रेषेत तुटतो. ग्रामाचे रंग ठिपक्याठिपक्यांनी एकमेकांत मिसळतात, आणि पाठीच्या पराच्या पुढच्या भागावर काळा डाग असतो.

पिवळा वॉचमन गोबी आणि पिस्टल श्रिंप ही कोळंबी. हालचाल कमी, पण बघत बसावं अशी जोडी. कोळंबी वाळूत बीळ खणते, गोबी दारात पहारा देतो. कोळंबीला नीट दिसत नाही, म्हणून बाहेर येताना ती एक लांब मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते. ती नांगीतून वाळू ढकलत येते, शिंपल्याचे तुकडे दाराशी रचते, परत आत जाते. तेवढ्यात कुणी मोठा मासा आला की गोबी शेपटी थरथरवतो आणि क्षणात दोघंही आत. बीळ काचेला लागून झालं तर आतला संसारही दिसतो. गोबी १० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. दोघं एकाच वेळी आणली तर बहुधा दोन-तीन दिवसांत एकमेकांना शोधतात.

टेलस्पॉट ब्लेनी. जेमतेम ६ सेंटिमीटर, पण चेहऱ्यावर सतत काहीतरी भाव. दगडाच्या भोकात शेपूट आत घालून बसतो, दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवतो आणि काचेवरचं शेवाळ खरवडून ओठांचे गोल ठसे सोडतो. शेवाळ हे त्याचं मुख्य अन्न, म्हणून टाकीला निदान दोन-तीन महिने होऊ द्या. पोट खपाटीला गेलेला ब्लेनी पुन्हा भरणं अवघड.

सिक्स-लाइन रॅस. सतत हालचाल हवी असेल तर हा. दगडाच्या प्रत्येक भोकात डोकावत, किडे आणि चपटे जंत टिपत दिवसभर फिरतो. मात्र १२० लिटरच्या खाली घेऊ नका आणि नेहमी सगळ्यांच्या शेवटी सोडा. फायरफिश किंवा दुसरा रॅस असेल तर नकोच. एवढी जोखीम नको असेल तर पिंक-स्ट्रीक रॅस बघा. फिरस्ती तशीच, स्वभाव बराच मवाळ.

ऑर्किड डॉटीबॅक. तांबड्या समुद्रातला, डोक्यापासून शेपटीपर्यंत जांभळा. डॉटीबॅक मंडळींत हा त्यातल्या त्यात सभ्य, आणि टाकीत पैदास केलेलाही मिळतो. ग्रामा आणि हा, दोघांतला एकच घ्या. दोघांनाही त्याच घळी लागतात.

यलोटेल डॅमसेल. डॅमसेल हवाच असेल तर हा, आणि तोही एकटाच. निळं अंग, पिवळी शेपटी, काटक शरीर. आपल्या कोपऱ्यापुरता तिखट असतो, पण डोमिनो किंवा ब्लू डेव्हिलसारखा सगळी टाकी डोक्यावर घेत नाही.

निऑन गोबीचाही विचार करा. पाच सेंटिमीटरचा हा मासा इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपतो आणि टाकीत घातलेल्या हातावरही येऊन बसतो. आयुष्य मात्र एक-दोन वर्षांचंच. फ्लेम हॉकफिशही धीट, उंचावर बसून सगळ्यांवर नजर ठेवणारा. पण तो लहान कोळंब्या खातो, तेव्हा पिस्टल श्रिंप असेल तर त्याचं नाव काढू नका.

५. जागा वाटून द्या

एकाच थरात राहणारे दोन धीट मासे म्हणजे भांडण. निवड करताना कोण कुठे राहणार ते कागदावर लिहा: मोकळं पाणी, घळ, दगडाचा माथा, वाळू. प्रत्येक जागेला एकच धनी असला की कुरबुरी आपोआप कमी होतात.

८० लिटरला मी क्लाउनची जोडी आणि वॉचमन गोबी एवढंच म्हणेन, फार तर काही महिन्यांनी टेलस्पॉट ब्लेनी. १५० लिटरला क्लाउनची जोडी, रॉयल ग्रामा, वॉचमन गोबी, ब्लेनी आणि सर्वांत शेवटी एक मवाळ रॅस. यात अजून एक बसेल असं वाटतं तेव्हाच थांबायचं. एकाच घाटाचे किंवा एकाच रंगाचे दोन मासेही टाळा, कारण दिसायला आपल्यासारख्या माशालाच मासे पहिला शत्रू मानतात.

शांतपणे उघड्यावर पोहणाऱ्या क्लाउनचा आणखी एक फायदा आहे. तो बाहेर दिसला की लाजाळू माशांना धोका नसल्याची खूण मिळते आणि तेही बाहेर पडतात.

६. विकत घेताना काय बघायचं

टाकीसमोर निदान दहा मिनिटं उभे राहा. मग एकच विनंती करा: माझ्यासमोर याला खायला घाला. धीट मासा खाद्यावर झेपावतो. जो बघून न बघितल्यासारखं करतो, तो कितीही सुंदर असला तरी सोडून द्या.

खपाटीला गेलेलं पोट, भराभर हलणारे कल्ले, धूसर डोळे, फाटलेले पर, दगडाला अंग घासणं यांतलं काहीही दिसलं तर घेऊ नका. मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके म्हणजे मरीन इक हा आजार. पिठाची बारीक धूळ उडाल्यासारखं अंग आणि धापा म्हणजे व्हेल्व्हेट हा आजार, जो काही दिवसांत टाकी रिकामी करू शकतो. क्लाउनच्या अंगावर चिकट थर येऊन कातडी सुटत असेल तर ‘ब्रुकलिनेला’ हा आजार समजा. एका टाकीत एक आजारी दिसला तर त्या टाकीतला दुसरा निरोगी दिसणाराही नको. पुष्कळदा सगळ्या टाक्यांना पाणी एकच फिरत असतं, तेही विचारून घ्या.

मासा समुद्रातून पकडलेला की पैदास केलेला, किती दिवसांपासून इथे आहे, पाण्याची घनता किती आणि काय खातो, हे चार प्रश्न विचारा. नाही जमलं तर परत घ्याल का, हा पाचवा. त्याचं उत्तर खरेदीच्या आधी घेतलेलं बरं.

७. क्वारंटाइन टाळू नका

नवा मासा निदान चार आठवडे वेगळ्या टाकीत. दगड-वाळू काही नको. स्पंज फिल्टर आणि आत शिरायला पीव्हीसीचे तुकडे पुरे. स्पंज आधी मुख्य टाकीत ठेवून मुरवून घ्या आणि अमोनिया रोज तपासा. तांब्याचं औषध वापरायची वेळ आली तर ते याच टाकीत. मुख्य टाकीत तांबं गेलं की कोळंबी, गोगलगाई आणि प्रवाळ यांचा शेवट ठरलेला.

या चार आठवड्यांत एक काम आणखी होतं. मासा गोठवलेला मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य) खायला लागतो, गोळी-खाद्य ओळखतो आणि माणूस आला म्हणजे अन्न आलं हे त्याला कळतं. मुख्य टाकीतली निम्मी भीती इथेच गळून पडते.

८. पाण्यात सोडायची रीत आणि क्रम

दुकानातून आणलेली बंद पिशवी १५-२० मिनिटं क्वारंटाइन टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळतं. पुढचं पिशवी किती तास बंद होती यावर ठरतं. थोड्या वेळाचा प्रवास असेल तर थेंबथेंब पाणी सोडून अर्ध्या-पाऊण तासात खारटपणा जुळवा. मासा बारा-पंधरा तास पिशवीत असेल तर हे करू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी क्वारंटाइन टाकीची घनता आधीच पिशवीतल्या पाण्याइतकी करून ठेवा आणि मासा लगेच हलवा. नंतर काही दिवसांत घनता हळूहळू वाढवत न्या. घनता उतरलेली मासे सोसतात, एकदम चढलेली नाही. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

क्वारंटाइननंतर मुख्य टाकीत सोडायचा क्रम एकच: लाजाळू आधी, तिखट शेवटी. गोबी आणि ब्लेनी आधी, मग क्लाउन आणि ग्रामा, मग रॅस किंवा डॅमसेल. ब्लेनीसाठी टाकी पिकायची वाट बघत असाल तर त्याच्या आधी रॅस आणू नका, म्हणजे झालं. दोन खरेदींमध्ये तीन-चार आठवडे जाऊ द्या, जिवाणूंनाही वाढीव भार पेलायला वेळ लागतो.

नव्या माशाला आधी दोन-तीन दिवस अ‍ॅक्लिमेशन बॉक्समध्ये ठेवा. जुने मासे डब्यावर धडका देतात, मग कंटाळतात. धडका थांबल्या की संध्याकाळी दिवे मंद करून डबा उघडा.

९. पहिले पंधरा दिवस

पहिले दोन-तीन दिवस मासा दिसला नाही तर दगड उचकटत बसू नका. टाकीच्या मागे आणि एका बाजूला गडद कागद लावा, दिवे थोडे मंद ठेवा, आणि पंपाचा झोत माशांवर न सोडता काचेकडे वळवा. खाद्य दिवसातून दोनदा, थोडं थोडं, रोज त्याच जागी. बाष्पीभवनाने पाणी कमी झालं की गोड पाणी घाला. मीठ उडून जात नाही, त्यामुळे खारं घातलं तर घनता चढत राहते.

पाठलाग होणारच. पराला चीर नाही, मार खाणारा मासा खायला बाहेर येतो आहे, तर मधे पडू नका. तो पृष्ठभागाच्या कोपऱ्यात अडकून पडला किंवा खाणं सोडलं, तर त्याच दिवशी हालचाल करा. डब्यात मार खाणाऱ्याला नाही, दांडग्याला टाका. आठवडाभराने त्याला सोडण्याआधी दोन-चार दगडांच्या जागा बदला, म्हणजे त्याचा जुना इलाका मोडतो.

तरीही सुधारणा नसेल तर त्याला काढावंच लागेल. जाळी घेऊन मागे धावलात तर सगळी टाकी उधळेल. प्लास्टिकच्या बाटलीचा गळा कापून तो उलटा आत बसवा, आत मायसिस टाका आणि बाटली त्याच्या नेहमीच्या जागी आडवी ठेवा. धीट मासाच पहिला आत शिरतो. काढलेला मासा दुकानात परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी. समुद्रात किंवा खाडीत सोडू नका. हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८० च्या दशकात फ्लोरिडाच्या किनाऱ्याला दिसू लागला, तो टाक्यांतून सोडलेल्या माशांमुळेच असं मानलं जातं, आणि आज कॅरिबियनभर तो स्थानिक मासे फस्त करतो आहे. परत घेणारा कुणी मिळेपर्यंत रिकामी क्वारंटाइन टाकी पुन्हा चालू करा.